गंगई आणि बिब्ब्याची फांदी

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. आज जेथे नेहरू नगरची वस्ती आहे, तो दुर्गचा मुलूख तत्पूर्वी धानाचाच. सभोवती अद्यापि धानच पिकते. या धानाचा जुना वैरी म्हणजे गंगई. मराठीत हिला गादमाशी म्हणतात. डासाएवढी ही माशी पानावर अंडी घालते, अळी खाली उतरून कोंबात शिरते, आणि लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी वाढते. नळीतील अळीपर्यंत फवारा क्वचितच पोहोचतो. मरते ती तिच्यावर जगणारी चिमुकली परोपजीवी माशी.

हरेलीस, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेस, छत्तीसगढी शेतकरी शेतात बिब्ब्याची फांदी रोवतो. गंगईला तिचे भय नसावे. परंतु तीवर बसलेले पाखरू इतर अळ्या टिपते, हेही थोडे नव्हे.

खरा उपाय बियाण्यातच होता. कटकच्या भात संशोधन संस्थेचे संचालक डॉ. रिछारिया यांनी परदेशी बुटक्या जाती कीडरोगास हळव्या आहेत म्हणून त्यांच्या घाईच्या आयातीस विरोध केला, आणि त्यांना पद गमवावे लागले. १९७३ च्या सुमारास केरळात तपकिरी तुडतुड्यांनी नव्या जातींची शेते वाळवून टाकली! रिछारिया तेव्हा रायपुरास, खेडोपाडी हिंडून देशी वाण जमवीत होते. ते एकोणीस हजारांवर भरले. त्यांची संस्था पुढे बंद पडली, संग्रह मात्र इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात टिकला. याच रायपुरातून गंगईस दाद न देणारी ‘महामाया’ ही जात निघाली. तथापि गंगईचेही प्रकार अनेक. एकापुढे टिकणारा वाण दुसऱ्यापुढे टिकतोच असे नाही.