लाईटसेबर असूनही हरलेला गेम: 'मास्टर्स ऑफ तेरास कासी' का फसला?

स्टार वॉर्सच्या सिनेमांत लाईटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, एका घावात हात तोडते. १९९७ साली आलेल्या एका व्हिडिओ गेममध्ये मात्र हीच तलवार समोरच्याला पुन्हा पुन्हा लागायची आणि तो कपडे झटकून परत उभा राहायचा.

या गेमचं नाव 'स्टार वॉर्स: मास्टर्स ऑफ तेरास कासी'. स्टार वॉर्सच्या सगळ्यात फसलेल्या गेम्सच्या यादीत तो आजही हमखास असतो. पैसा, नाव, लोकप्रिय पात्रं असं सगळं हाताशी असताना हे कसं झालं?

गेम नेमका काय होता?

सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनसाठी लुकासआर्ट्स या कंपनीने तो बनवला आणि बाजारातही आणला. आपल्याकडे त्या काळात घरोघरी टीव्हीला जोडलेल्या गेममध्ये कॅसेट घालून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले जायचे. प्लेस्टेशन मात्र सीडीवर चालायचं आणि त्यातली पात्रं थ्रीडी होती.

खेळ साधा होता. दोन पात्रं समोरासमोर, प्रत्येकाची ताकद दाखवणारी पट्टी. मार बसला की पट्टी कमी होते, संपली की हरलात. ल्यूक स्कायवॉकर, हान सोलो, लेया, च्युबाका, बोबा फेट अशी ओळखीची मंडळी त्यात होती. डार्थ व्हेडर सुरुवातीला लपवलेला, गेम खेळत गेलात की मिळणारा.

गोष्टही होती. डेथ स्टार उद्ध्वस्त झाल्यावर चिडलेला सम्राट बंडखोरांच्या म्होरक्यांना संपवायला आर्डेन लिन नावाची योद्धी पाठवतो. ती 'तेरास कासी' या युद्धकलेत तरबेज असते.

हे नाव आलं कुठून?

'तेरास कासी' हे शब्द फिनलंडच्या फिनिश भाषेतले आहेत. तेरास म्हणजे पोलाद, कासी म्हणजे हात. 'पोलादी हात' असा अर्थ. ही युद्धकला स्टार वॉर्समध्ये पहिल्यांदा आली ती १९९६ च्या 'शॅडोज ऑफ द एम्पायर' या स्टीव्ह पेरी यांच्या कादंबरीतून.

आता गंमत बघा. तेरास कासी ही मुळात नुसत्या हातांनी लढायची कला. गेमची जाहिरात मात्र हत्यारांच्या जोरावर. प्रत्येक पात्र हत्यार काढूनही लढू शकायचं आणि बाजूला ठेवूनही. कल्पना चांगली होती, पण त्यामुळे गेमला नेमकं काय व्हायचंय हाच घोळ झाला.

अपेक्षा एवढ्या का होत्या?

दोन कारणं होती.

पहिलं, १९९७ हे स्टार वॉर्सच्या पहिल्या सिनेमाचं विसावं वर्ष. जुने तिन्ही सिनेमे नव्या इफेक्ट्ससह थिएटरमध्ये पुन्हा लागले होते. चाहते जोशात होते.

दुसरं, हत्यारांच्या फायटिंग गेम्सची तेव्हा लाट होती. १९९५ मध्ये प्लेस्टेशनवर 'तोशिनदेन' आला. त्याच वर्षाच्या शेवटी नामको कंपनीने जपानमधल्या आर्केडमध्ये 'सोल एज' आणला. त्यातल्या व्होल्डो या पात्राच्या हातात कट्यार आहे, आपल्याकडची, मुठीत धरायची आडव्या दांड्यांची कट्यार. हाच गेम पुढे प्लेस्टेशनवर आला आणि गाजला. लुकासआर्ट्सचा गेम बघताक्षणीच त्याच्या वळणाचा वाटायचा. त्यामुळे तुलना होणारच होती.

मग बिनसलं कुठे?

*१. हालचाल जड होती.* फायटिंग गेममध्ये वेळेचा हिशेब फार बारीक असतो. चांगले गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. 'टेकेन'सारख्या गेममध्ये साधा ठोसा १० चित्रांत, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात लागतो. बटण दाबलं आणि लगेच हात चालला, तरच खेळणाऱ्याला ते आपलं वाटतं. इथे पात्रं संथ आणि अडखळत हलायची. समीक्षकांनी सगळ्यात जास्त बोट ठेवलं ते यावरच.

*२. तोल नव्हता.* ल्यूककडे तलवार, हान सोलोकडे बंदूक. सिनेमात जेडाय गोळ्या तलवारीने परतवतो, त्यामुळे सामना रंगतो. गेममध्ये दोघांना बरोबरीत आणायचं म्हणजे बंदुकीची धार कमी करा किंवा तलवारीची. दोन्ही केलं की दोन्ही हत्यारं बोथट होतात.

*३. हत्याराचा दरारा गेला.* ताकदीची पट्टी असली की एका घावात कुणी मरून चालत नाही, नाहीतर सामना सुरू होताच संपेल. म्हणून लाईटसेबर काठीसारखी लागायला लागली.

हत्यार म्हणजे नुसती वस्तू नसते

हा तिसरा मुद्दा समजायला दूर जायची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातलं वाशी घ्या (नवी मुंबईतलं नव्हे, भूम-कळंबच्या शेजारचं) किंवा थेट कोल्हापूर. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्ट्याचं प्रात्यक्षिक ज्याने पाहिलंय, त्याला ठाऊक असतं की पट्टा फिरायला लागला की गर्दी आपोआप मागे सरकते. कुणी सांगावं लागत नाही.

त्यामागे कारण आहे. दांडपट्ट्याची मूठ हातमोज्यासारखी पुढच्या हातावर चढते. मनगट मोकळं नसतं, म्हणून पट्टा खांद्यातून आणि अख्ख्या अंगातून फिरवावा लागतो. पातं लांब आणि लवचिक. त्याच्या घेऱ्यात शिरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. म्हणजे लढाईचा अर्धा भाग वार करण्यात नाही, तर पल्ला सांभाळण्यात आणि पवित्रा बदलण्यात आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने याच दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं.

हत्याराला त्याची गोष्टही चिकटलेली असते. तुळजापुरात नवरात्रात देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा मांडतात. देवी छत्रपतींना तलवार देते, हा प्रसंग त्यात असतो. तिथे कुणी पात्याची लांबी मोजत नाही.

स्टार वॉर्सच्या चाहत्यांसाठी लाईटसेबरला अशीच मोठी गोष्ट आहे. ल्यूकला ती वडिलांची म्हणून मिळते. गेमने ती गोष्ट वापरून सीडी विकली आणि मैदानात मात्र तिला एक साधी काठी करून टाकलं. चाहत्यांचा राग त्याचा होता.

हे जमणं अशक्य होतं का?

नाही. त्याच वर्षी, त्याच प्लेस्टेशनवर 'बुशिदो ब्लेड' आला. त्यात ताकदीची पट्टीच नव्हती आणि घड्याळही नव्हतं. वर्मी घाव बसला की एका फटक्यात खेळ खल्लास. पायावर वार झाला तर पात्राचा पाय निकामी व्हायचा. त्यामुळे खेळणारे बटणं बडवत नसत, समोरच्याचा अंदाज घेत थांबत. मशीन एकच, वर्षही एकच. फरक विचारात होता.

दुसरी वाट नामकोने दाखवली. त्यांनी पट्टी ठेवली, पण पल्ला आणि पवित्रा यांवर मेहनत घेतली. १९९८ मध्ये आर्केडमध्ये आणि १९९९ मध्ये ड्रीमकास्टवर आलेल्या 'सोलकॅलिबर'मध्ये पात्र आठही दिशांना मोकळेपणाने फिरू शकत होतं. लांब हत्यारवाल्याला दूर राहायचं, छोट्या हत्यारवाल्याला आत शिरायचं. तिथे घाव एका फटक्यात जीवघेणा नव्हता, तरी प्रत्येक हत्यार वेगळं वाटायचं.

पुढे काय झालं?

'तेरास कासी'चा दुसरा भाग कधीच आला नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही.

२००८ मध्ये 'सोलकॅलिबर ४' आला आणि त्यात पाहुणे म्हणून कोण आले? प्लेस्टेशन ३ वर डार्थ व्हेडर, एक्सबॉक्स ३६० वर योडा. ज्या मालिकेशी तुलना होऊन जुना गेम तोंडघशी पडला, तिच्याच मैदानात अकरा वर्षांनी लाईटसेबर उतरली.

२०१८ च्या 'सोलो: अ स्टार वॉर्स स्टोरी' या सिनेमात किरा हे पात्र आपण शिकलेल्या युद्धकलेचं नाव सांगतं: तेरास कासी. थिएटरमध्ये बहुतेकांना ते नाव नवीन होतं. जुन्या प्लेस्टेशनवर पैसे घालून पस्तावलेले तेवढे हसले.

आज रेट्रो गेमिंगचे व्हिडिओ फिरतात, त्यात हा गेम अधूनमधून दिसतो. कुठे दिसला तर पात्रांच्या चेहऱ्यांकडे किंवा ग्राफिक्सकडे बघू नका, १९९७ च्या मानाने ते ठीकच आहेत. दोन खेळाडूंमधलं अंतर बघा. समोर लाईटसेबर असूनही कुणी मागे सरकत नाही.