जहाजाच्या चिन्हाची मोटार

आमच्या लहानपणी दर पौर्णिमेला मिरजेची एक काळी प्लिमथ मोटार यात्रेकरू घेऊन नृसिंहवाडीस येई. पेढे-बासुंदीच्या दुकानांच्या अलीकडे, घाटाच्या वाटेच्या तोंडाशी ती थांबली, की तिचा ड्रायव्हर रेडिएटरच्या टोपणावर ओले फडके टाकून ते बेताबेताने सैल करी आणि वाफेचा फूत्कार ओसरल्यावर नदीवरून आणलेल्या घागरीतले पाणी तिला पाजी. आम्हां मुलांच्या माना त्या वेळी बॉनेटखाली गेलेल्या असावयाच्या. लांबट, सपाट माथ्याच्या त्या इंजिनावर सहा प्लग एका रांगेत, आरतीला उभ्या राहिलेल्या मंडळींप्रमाणे उभे असत. बॉनेटच्या टोकावर शिडे फुगविलेले एक लहानसे जहाज होते. कुरुंदवाडच्या तरीवर वाढलेल्या आम्हांला ती कृष्णेतलीच एखादी होडी वाटे. इंग्लंडहून अमेरिकेस गेलेल्या 'मेफ्लॉवर' जहाजाची ती प्रतिमा आहे, हे कळावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

मोटारींचा विषय निघाला, की कोल्हापूरचा मनुष्य प्रथम छत्रपती राजाराम महाराजांच्या मेबॅकचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. झेपेलिनसारख्या महाकाय वायुनौकांसाठी इंजिने घडविणाऱ्या जर्मन कारखान्याची ती भगव्या रंगाची मोटार दसऱ्याच्या स्वारीत निघते, तेव्हा ती पाहण्यास सारा मुलूख लोटतो. परंतु संस्थानाच्या वैभवाची नोंद जशी खासगीच्या दफ्तरात राहते, तशी रयतेचे ओझे वाहणाऱ्या वाहनांची नोंद कोणी ठेवीत नाही. म्हणूनच त्या प्लिमथविषयी लिहावेसे वाटले.

तिचे कूळ मात्र शोधता येते. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईस शिवडी येथे परदेशी सुटे भाग जोडून मोटारी उभ्या करण्याचा कारखाना काढला होता. ते काम देशी भांडवलाने व्हावे, हा ध्यास सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी घेतला. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापिली, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी केलेल्या करारान्वये 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून प्लिमथ, डॉज आणि डिसोटो या मोटारी बाहेर पडू लागल्या. नावे तीन होती, पण डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या मूळच्या प्लिमथच. समोरची जाळी व नावाची पट्टी तेवढी निराळी, आत इंजिन तेच, सुमारे साडेतीन लिटरचे. वाडीत तर या तिघींनाही सरसकट 'डॉज' म्हणत, आणि माझ्या मते त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या संबोधनात कंपनीच्या जाहिरातींहून अधिक सत्य होते.

नावामागे धावणारी कीर्ती अमेरिकेतही असाच अन्याय करीत आली आहे. तिकडे 1964 साली फोर्डची मस्टँग 17 एप्रिल रोजी बाजारात आली, आणि आटोपशीर पण तडफदार अशा त्या जातीच्या मोटारींचे सारे श्रेय तिच्या पदरी पडले. तिच्याहून 16 दिवस आधी, 1 एप्रिलला, पाठीमागे विशाल काच असलेली प्लिमथ बाराकुडा येऊन गेली होती, याची आठवण फार थोड्यांस आहे. पुढे बाराकुडाही प्रसिद्ध व महाग झाली, तेव्हा 1970 साली प्लिमथनेच साध्या व्हॅलियंटच्या सांगाड्यावर डस्टर काढली. त्याच वर्षीच्या बाराकुडात मिळणारे 340 घनइंचांचे, 275 अश्वशक्तीचे इंजिन तिच्यातही मिळे. मसल कारचे, म्हणजे दणकट इंजिनाच्या मोटारींचे, वेड असलेला पण खिसा हलका असलेला रसिक आजही तिच्याकडे वळतो. मला तो रसिक आपलासा वाटतो. त्याने पट्टी न वाचता बॉनेट उघडून पाहिले आहे.

मोटारी नुसत्या जोडून विकण्यापेक्षा त्या या देशातच घडवाव्यात, असा सरकारी धोरणाचा रोख झाल्यावर जनरल मोटर्सने 1954 साली येथला कारभार आवरला. प्रीमियरने फियाट 1100 हाती घेतली, आणि मोठ्या अमेरिकन गाड्या हळूहळू जुन्या बाजाराच्या स्वाधीन झाल्या. डिसोटो हे नाव तर 1960 च्या अखेरीस अमेरिकेतच मिटले. आमच्या प्लिमथला सुटा भाग मिळेनासा झाला, तेव्हा तिचा मालक मोडका तुकडा फडक्यात बांधून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाई. तेथे ओतकामाच्या भट्टीजवळ बसलेला मेस्त्री तो तुकडा हातात फिरवून, खडूने फरशीवर आकृती काढून, दोन दिवसांनी या म्हणे. ऊस आणि पाणी यांच्या या मुलखात तेल-इंजिने घडविण्यात मुरलेल्या त्या हातांना डेट्रॉईटचे यंत्र परके नव्हते. रिबोअर झाले, पाटे बदलले, गादीला काथ्या भरला, आणि गाडी आणखी कित्येक पौर्णिमा चालली.

दसऱ्याच्या दिवशी ती वाडीस आली, म्हणजे ड्रायव्हर चारही चाकांखाली लिंबे ठेवी, नारळ फोडी, बॉनेटवर हळदकुंकू वाही, आणि झेंडूची माळ त्या झिजलेल्या जहाजाच्या डोलकाठीला अडकवून, यात्रेकरू घाटावरून परत येईपर्यंत ती वाऱ्याने सरकू नये म्हणून जवळ उभा राही.