मांजरपाट, सरस आणि घरचे चित्र



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला बोलावले की लोक शंकराचार्य नाहीतर कांट ऐकायच्या तयारीने येतात. यंदा आम्ही संयोजकांना कळवले की मांजरपाटावर बोलणार. त्यांनी दोनदा विचारून घेतले, "सर, मांजरपाट म्हणजे कापडच ना?" होय, कापडच. जाडेभरडे, कोरे, पिवळसर. पूर्वी घराघरांत बंडीला, पिशव्यांना, उशांच्या खोळींना लागायचे ते. याच कापडावर कोल्हापुरात कितीतरी घरी चित्रे निघाली, चौकटीत बसली, भिंतीवर चढली आणि एक दिवस उतरलीही. आपण आपल्या गावाला मोठ्या कौतुकाने कलापूर म्हणतो, चित्रकारांची नावे घडाघडा सांगतो. पण ही मंडळी कशावर रंगवीत होती, हे विचारायचे आपल्या ध्यानात येत नाही.

आधी कॅनव्हास या शब्दाकडे बघू. लॅटिन 'कॅनाबिस', म्हणजे भांगेचे झाड, त्यावरून तो आला. त्या झाडाच्या वाखाचे जाड कापड ते कॅनव्हास. पुढे युरोपातल्या चित्रकारांनी जवसाच्या वाखाचे, म्हणजे लिननचे कापड पसंत केले. व्हेनिस शहरात खाऱ्या, दमट हवेमुळे गिलाव्यावरची भित्तिचित्रे टिकत नसत, आणि बंदर असल्याने शिडाचे कापड मात्र मुबलक. सोळाव्या शतकात तिथले चित्रकार मोठ्या प्रमाणावर कापडाकडे वळले. म्हणजे ज्याला आपण आज उच्च कलेचे आसन समजतो, ते मुळात भिंतीला काढलेली सोयीची पळवाट होते. आणि जवसाचे आणखी एक बघा. त्याच्या खोडातून कापड निघते आणि बियांतून तैलरंगाचे तेल. आपल्याकडे त्याच बियांची चटणी भाकरीबरोबर खातात. तेलही आपण काढले, खोडाच्या कापडाच्या वाटेला मात्र फारसे गेलो नाही. आपल्याकडे कापूस होता. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूतगिरणी नि कापड गिरणी उभी केली. सुती कापड हाताशी होते, लिनन परदेशातून यायचे. हौशी माणूस कशावर रंगवणार, हे ठरलेलेच होते.

पण कापड आणले आणि रंग फासला, असे होत नाही. इथे सगळी मेख आहे, म्हणून थोडे थांबू. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जाते. थेट धाग्याला लागले तर काही वर्षांत धागा ठिसूळ होतो, कापड बोटाने दाबले तरी फाटते. तेव्हा कापड आणि तेल यांच्यामध्ये काहीतरी आडवे घालावे लागते. आपल्या पेंटर लोकांनी घातला तो सरस. जनावराच्या कातड्याचा आणि हाडांचा अर्क तो.

ही युक्ती युरोपातच सापडली असे समजायचे कारण नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. आपल्या भागातले शिलाहार या चालुक्यांचेच मांडलिक, म्हणजे ग्रंथ तसा शेजारच्याच अंगणातला. त्यात चित्रासाठी वज्रलेप कसा करावा ते दिले आहे. म्हशीचे ताजे कातडे लोण्यासारखे मऊ होईपर्यंत पाण्यात शिजवायचे, त्याच्या कांड्या करून उन्हात वाळवायच्या. लागेल तेव्हा कांडी गरम पाण्यात विरघळवून, पांढरी माती मिसळून तीन हात द्यायचे. हे भिंतीसाठी सांगितले आहे. पण आमच्या लहानपणी साईन बोर्ड रंगवणाऱ्यांच्या दुकानात शेगडीवर जे भांडे असायचे आणि ज्याच्या वासाने आम्ही नाक धरून पळायचो, त्यात दुसरे काय होते? आठशे वर्षांत कृती फारशी बदललेली नव्हती. राजाच्या ग्रंथातून ती पेठेतल्या दुकानापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे कागदावर सापडणार नाही. ती हातांनी आली.

कृती साधी. कोरा मांजरपाट आधी धुवायचा, कारण त्यात गिरणीची कांजी असते आणि तो आटतो. लाकडी चौकटीवर ताणून खिळे ठोकायचे ते प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केली की झोळ पडलाच. सरस रात्रभर भिजवायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून विरघळवायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याची धरण्याची ताकद जाते. त्याचा एक पातळ हात. वाळला की खडूची भुकटी आणि सफेदा घातलेल्या सरसाचे दोन हात, मध्ये काचकागदाने घासणे. झाला कॅनव्हास. खर्च म्हणाल तर कापड, चार पट्ट्या, सरसाचा तुकडा आणि आठवडाभराची सवड.

कोल्हापुरात ही कारागिरी पसरली कशी? आमच्या मते तिचे मोठे विद्यालय म्हणजे नाटकाचे पडदे. संगीत नाटक मंडळ्यांना महाल, जंगल, रस्ता, दरबार असे पडदे लागत. पडदा गुंडाळायचा आणि उलगडायचा, त्यामुळे रंगाचा थर जाड झाला की तडकणार. म्हणून कोरड्या रंगाची भुकटी सरसाच्या पाण्यात कालवून पातळ हात द्यायचे. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ १९१० नंतरच्या काही वर्षांत अशा पडद्यांमुळे नावारूपाला आले. बाबूरावांचा जन्म १८९० चा. त्यांचे वडील सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, सगळे जाणणारे. दोघेही भाऊ चित्रकलेच्या शाळेत गेलेले नव्हते. गावाने त्यांचे आडनावच बदलून टाकले, मेस्त्रीचे पेंटर झाले. आनंदराव १९१६ साली अकाली गेले. दोघांनी मांडलेला सिनेमाचा कॅमेरा बाबूराव आणि दामले यांनी पुढे पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. या दुसऱ्या पडद्यावर काही रंगवायचे नव्हते, तो पांढराच हवा होता! सिनेमात बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी घन, चहूबाजूंनी उभे नेपथ्य आणले, कारण नाटकाच्या प्रेक्षकाला चालणारे कापडावरचे खांब कॅमेऱ्याला चालेनात. ज्या हाताने पडदा मोठा केला त्याच हाताने तो मोडीत काढला, म्हणा ना.

पण पडद्याच्या कामावर वाढलेली माणसे कुठे जातील? ती बोर्ड रंगवू लागली, सिनेमाचे बॅनर रंगवू लागली, तालमीसाठी मारुती आणि शिवाजी महाराज, वाड्यांसाठी दिवंगत वडीलधाऱ्यांच्या तसबिरी. बॅनरचे कापड तर पुन्हा पुन्हा वापरत. शुक्रवारी सिनेमा बदलला की जुन्या नटीवर पांढरा हात, त्यावर नवी नटी. १९३४ साली दत्तोबा दळवी यांनी चित्रकलेची संस्था काढली. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसणारी पोरे वाढली. बोर्डवाल्याच्या दुकानात उभे राहून बघितलेले ही पोरे घरी जाऊन करून बघत.

अबालाल रहिमान यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. परतल्यावर कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखे राहिले आणि तळी, झाडे, पाणी रंगवत बसले. झाडपाल्यापासून, दगडमातीपासून रंग घरीच करत आणि हाताला येईल त्या कागदावर, कापडावर चित्र काढत, असे जुनी माणसे सांगत. आणखी एक गोष्ट सांगतात, की १९२२ साली महाराज गेले तेव्हा त्यांनी आपली चित्रे कोटितीर्थात सोडून दिली. खरी असेल, नसेल. आमची पिढी ती गोष्ट ऐकतच मोठी झाली, आणि कोटितीर्थावरून जाताना पाण्याकडे न बघता गेलेला मुलगा आमच्या वर्गात नव्हता.

आता भिंतीकडे येऊ. सामान्य घराच्या भिंतीवर पूर्वी काय असायचे? श्रावणात जिवतीचा कागद, नागपंचमीला गंधाने काढलेले नाग. मग १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती रंगीत छापून घरोघर पोचल्या. तैलचित्रासारखे दिसावे म्हणून त्या छापांवर चकाकी देत, काहींवर कापडाचा पोतही उठवत. मूळ तैलचित्र राजवाड्यात, त्याची नक्कल आमच्या स्वयंपाकघरात.

आमचे वडील कारकून होते. रविवारी रंगवत. १९५८ च्या सुमाराला त्यांनी शेजाऱ्यांकडची रविवर्म्याची लक्ष्मी मागून आणली, तिच्यावर दोऱ्याने चौकोन आखले, वर सांगितल्याप्रमाणे मांजरपाट तयार करून त्यावर मोठे चौकोन आखले आणि चार महिने खपून तैलचित्र केले. म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापाचे पुन्हा तैलचित्र! पुढे आम्ही एम. ए. झालो, प्लेटो वाचला. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात तो म्हणतो, पलंगाची कल्पना पहिली, सुताराचा पलंग दुसरा आणि चित्रकाराचा पलंग सत्यापासून तिसऱ्या पायरीवर. आम्ही बोटे मोजली. वडिलांची लक्ष्मी पाचव्या पायरीवर तरी भरत होती. घरी प्राध्यापक मित्र यायचे, लाज वाटायची. १९७६ साली घर रंगवायला काढले तेव्हा आम्ही ते चित्र उतरवले ते परत लावलेच नाही. त्या जागी एका परदेशी चित्रकाराचे छापील चित्र लावले. गंमत बघा, ती नक्कल आम्हाला चालली. वडील काही बोलले नाहीत. आईने कापड चौकटीवरून काढून गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवले. गुंडाळताना चित्र आतल्या बाजूला ठेवले. पेंटर असता तर बाहेरच्या बाजूला ठेवले असते. आत ठेवले की थर दबतो आणि सुरकुततो. तिला कोण सांगणार? आम्हाला माहीत होते, पण आम्ही घरात नव्हतो. होतो, पण तिकडे बघत नव्हतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शुक्रवार पेठेतल्या घरात ते किती दिवस होते ते मोजायचे आम्ही सोडून दिले. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली. तेल पाण्याला भीत नाही, पण सरस पाण्यातच विरघळतो. ज्याने चित्र कापडाला धरून ठेवायचे तोच सुटला होता. ट्रंकेच्या तळाशी गाळ होता आणि त्यात रंगाचे पापुद्रे, नखाएवढे. गुलाबी, हिरवे, थोडा सोनेरी. कापड जवळजवळ कोरे झाले होते. एका कोपऱ्यात हाताएवढा तुकडा तेवढा टिकला होता. त्यात पाणी आणि पाण्यात एक दगडी मंडप. आम्हाला काही उलगडा होईना. मूळ चित्रात तळे आहे, हत्ती आहे, मंडप कुठला? थोरल्या बहिणीला फोटो पाठवला. तिचा फोन आला, "अरे, हा रंकाळ्यातला संध्यामठ. दादांनी मुद्दाम घातला होता. तू रोज त्याच्याखाली बसून जेवायचास की."

अठरा वर्षे आम्ही त्या चित्राखाली जेवलो.

प्लेटोच्या पायऱ्या चुकीच्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पाच पायऱ्या उतरताना त्या माणसाने वाटेत काय घातले, हे त्या मोजणीत येत नाही एवढेच म्हणतो. घरी केलेल्या स्वस्त चित्राचा इतिहास लिहायचा तर या घातलेल्या गोष्टींचा लिहावा लागेल, आणि त्या चित्रांतले पुष्कळसे कापड आतापर्यंत पोतेरे झाले असणार. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांच्या घराचे संग्रहालय झाले आहे. त्यांनी नुसत्या रंगाच्या भुकटीने छायाप्रकाश साधून केलेली निसर्गचित्रे तिथे आहेत, जरूर बघा. पण ते नामवंत नट होते. कारकुनाच्या चित्राचे संग्रहालय कोण करतो?

आता कोणी विचारेल, सर, हल्ली तयार कॅनव्हास मिळतो, कशाला हा खटाटोप? मिळतो, आणि चांगला मिळतो. सरसाऐवजी ॲक्रिलिक प्रायमर वापरला तर वास नाही, तो वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. पूरग्रस्त गावाने तोच वापरावा, आमचे स्पष्ट मत आहे. बॅनर रंगवणारे हात मात्र फ्लेक्सने थांबवले. आपल्याकडे त्या फलकाला सरळ 'डिजिटल' म्हणतात. चौकात कोणाचाही वाढदिवस असो, दुपारी सांगितले की संध्याकाळी डिजिटल उभे. ती मंडळी आता काय करतात, यावर कोणी तरुणाने काम करावे. मुलाखती घ्यायला माणसे अजून आहेत.

जुने कापड आम्ही धुऊन वाळवले. ताणायला गेलो तर धागा सोसेना, तेव्हा पुन्हा चौकटीवर चढवायचा विचार सोडला. पण कडेला वडिलांच्या खिळ्यांची गंजलेली भोके आहेत, चार-चार बोटांवर, एकसारखी. तेच अंतर धरून गेल्या रविवारी आम्ही आणि नातीने नवा मांजरपाट ताणला. तिला सरसाचा वास सहन झाला नाही म्हणून प्रायमरच लावला आहे. ती रोज विचारते, आजोबा, काढायचे काय? अजून ठरलेले नाही. पावसाची हवा आहे, दुसरा हात वाळायला वेळ लागतोय.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.