जमा कुणाची, नावे कुणाच्या?

परळमध्ये केईएम रुग्णालयाच्या परिसरात पाच-दहा मिनिटं फिरलं, तरी दानशूरांची एक रांगच भेटते. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय, नवरोजी वाडिया प्रसूतिगृह, बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय, आणि जरा पुढे टाटांचं कर्करोग रुग्णालय. माझा जन्म यातल्याच वाडिया प्रसूतिगृहातला. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. कापसाचं तूस छातीत घेऊन ते निवृत्त झाले आणि खोकल्यासाठी केईएमच्या रांगेत उभे राहू लागले. त्यामुळे शेटजींनी घेतलं किती आणि दिलं किती, हा प्रश्न आमच्या घरात पुस्तकातून आला नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला एक नाव आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे, तेल, पोलाद यांतून अफाट संपत्ती जमवणाऱ्यांना तिथे 'रॉबर बॅरन', म्हणजे लुटारू सरदार, म्हणतात. त्यांतलाच एक अँड्र्यू कार्नेगी. १८९२ साली त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरीवरून तंटा झाला. खासगी पहारेकरी आणले गेले, गोळीबार झाला, माणसं मेली, कामगार संघटना मोडली. याच कार्नेगीने पुढे जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयांना पैसे दिले. त्यातलं एक होमस्टेडच्या कारखान्याजवळच, १८९८ साली उभं राहिलं. पण दिवसाचे बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा माणूस तिथे वाचायला जाणार कधी?

आपल्या मुंबईतही अशी माणसं झाली. सर जमशेटजी जीजीभाई गरिबीतून वर आले. चीनशी कापूस आणि अफू यांचा व्यापार करून ते कोट्यधीश झाले. जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं, जे. जे. कला महाविद्यालयही त्यांच्याच. मुंबई आणि साष्टी यांच्या मधल्या खाडीत होड्या उलटून माणसं बुडत. तिथे त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून माहीमचा बांध झाला आणि १८४५ साली तो खुला झाला. दादरकर आजही लेडी जमशेटजी रोडवरून जातात तेव्हा त्यांचंच नाव घेतात. हा चांगुलपणा खोटा नव्हता. पण ज्या घरांत ती अफू पोचली, ती घरं कँटनच्या पलीकडे होती. त्यांच्यासाठी इथे रुग्णालय निघालं नाही.

दुसरे प्रेमचंद रायचंद. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला, की तो ठेवायचा कुठे हेच कळेना. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. गिरगावच्या किनाऱ्यापासून पुढे बॅकबे भरून काढणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. या साऱ्या खेळाचे सूत्रधार प्रेमचंदशेठ. बँक ऑफ बॉम्बेमध्ये त्यांचा शब्द चाले आणि पुरेशा तारणाशिवाय कर्जं सुटत. ऐन तेजीत, १८६४ साली, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले, हजारो घरं बसली. बँकही पुढे बुडाली. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंदशेठांच्या आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर अजून तासांचे टोले देतो.

आणि तिसरे आमचे गिरणीमालक. पहिल्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, विजेचे दिवे आले तसे तास आणखी वाढले. आठवड्याची सुट्टी नव्हती. ती मागायला नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झटत होते. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली, त्यात बाया उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ही सुट्टी कुणाच्या दानातून आली नाही. म्हणूनच तिच्यावर कुठल्या शेटजींच्या नावाची पाटी नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग काय त्या पाट्या काढून टाकायच्या? मुळीच नाही. माझी आई ज्या खाटेवर बाळंत झाली ती खाट खरी होती. पण जुन्या पेढीवरचा मुनीमसुद्धा एकाच्या खात्यात जमा झालेले पैसे दाखवून दुसऱ्याचं देणं मिटवत नाही. दानाला दान म्हणावं आणि देण्याला देणं. आपली चूक होते ती इथेच. पाटी दिसते म्हणून आपण जमेची बाजू वाचतो, नावेची बाजू कुणी दगडात कोरत नाही.

हा हिशोब जुना झालेला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा शहराला मोकळ्या जागेसाठी आणि जवळपास तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी मिळायचा होता. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. शहराचा वाटा बराच आटला. चिमण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. उद्या त्यातलाही कुणी एखादं रुग्णालय बांधील, आणि ते चांगलंच होईल. त्या दिवशी आपण हारही घालावा. फक्त हार घालताना जमीन कुणाच्या घामावर उभी होती, एवढं विचारायला विसरू नये.

आज रविवार आहे. तुम्ही निवांत बसून हे वाचता आहात. ही फुरसत लोखंड्यांची आणि त्या सभेतल्या बायांची देणगी आहे, एवढं आज नोंदवून ठेवू या.