जाड तारेचं भांडण

मंडळी, या शनिवारी एका जुन्या भांडणाची गोष्ट. साल १८८८, महिना सप्टेंबर, ठिकाण इंग्लंडमधलं बाथ. ब्रिटिश असोसिएशनची वार्षिक सभा भरली होती. एका बाजूला विल्यम प्रीस, ब्रिटिश पोस्ट खात्याचे बडे विद्युत अभियंते. तारायंत्राच्या लाइनी सांभाळण्यात उभी हयात गेलेली. दुसऱ्या बाजूला ऑलिव्हर लॉज, लिव्हरपूलच्या कॉलेजातले ३७ वर्षांचे प्राध्यापक. भांडण कशावरून? तर इमारतीवर पडलेली वीज जमिनीत नेणाऱ्या तारेवरून!

प्रीससाहेबांचं म्हणणं कुणालाही पटेल असं होतं. तांब्याची जाड तार घ्या, खाली चांगलं अर्थिंग करा. तारेचा रोध कमी, म्हणजे वीज मुकाट्याने तिच्यातून जाणार. पण काही इमारतींमध्ये वीज तार सोडून शेजारच्या गॅसच्या नळावर उडी मारायची. मग खापर फुटायचं अर्थिंगवर.

लॉजनी त्याच वर्षी लायडन जार घेऊन प्रयोग केले होते. ठिणगीपुढे दोन वाटा ठेवल्या: एक जाड तांब्याच्या लांबलचक तारेची, दुसरी हवेतल्या छोट्या फटीची. ओहमच्या नियमाने बघितलं तर हवेतून जाण्याचं काही कारणच नाही. पण ठिणगी हवेतूनच गेली! तांब्याच्या जागी लोखंडी तार लावली तरी फारसा फरक पडेना.

कारण असं की प्रवाह अचानक वाढायला लागला की तारेचं इंडक्टन्स आडवं येतं. रोध बघतो प्रवाह किती आहे, इंडक्टन्स बघतं तो किती वेगाने बदलतोय. आणि विजेला तर सगळी घाई! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळावं. बँडविड्थ भरपूर आहे म्हणून लेटन्सी कमी होत नाही.

प्रीस काही बधले नाहीत. त्यांच्या पाठीशी खात्यातला अनुभव होता, आणि तो खोटा नव्हता. लॉजही सगळेच बरोबर नव्हते. लायडन जारसारखी आकाशातली वीजही मागेपुढे हेलकावते असं ते धरून चालले होते. ती बहुतेक वेळा एकाच दिशेने येते. पण प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढतो, त्यामुळे मूळ मुद्दा टिकला. गंमत म्हणजे याच प्रयोगांतून लॉज तारेवरच्या विद्युतलहरींपर्यंत पोचले होते. पण त्याच बाथच्या सभेत हर्ट्झच्या प्रयोगांची बातमी जाहीर झाली आणि मान जर्मनीला गेला.

असो. हे सगळं आज कशाला? कारण हेच भांडण आपल्या घरातल्या मेन बोर्डात अजून चालू आहे. समजा बोर्डात बसवलेला सर्ज प्रोटेक्टर लाट १५०० व्होल्टवर रोखतो, आणि त्याला जोडणारी १६ चौरस मिलिमीटरची तार एक मीटर लांब आहे. १० हजार अँपिअरची लाट ८ मायक्रोसेकंदांत चढली, तर तारेच्या रोधामुळे पडतात जेमतेम ११ व्होल्ट. आता इंडक्टन्स धरा, मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री. पडतात १२५० व्होल्ट! म्हणजे उपकरणापर्यंत २७५० पोचले. घरातल्या साध्या उपकरणांची सहनशक्ती २५०० व्होल्टची धरलेली असते. प्रोटेक्टर शाबूत, टीव्ही खलास.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकांत सांगितलंय की फेजकडून आणि अर्थकडून येणाऱ्या जोडतारांची मिळून लांबी शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. तार जाड केल्याने इंडक्टन्स किंचितच कमी होतं. आखूड केल्याने थेट निम्मं. वायरमन मंडळींना मात्र उरलेल्या तारेचं सुबक वेटोळं करून बोर्डात कोंबायची भारी हौस. दिसायला छान, पण वेटोळं म्हणजे इंडक्टन्स आणखी वाढलं.

तेव्हा नवीन प्रोटेक्टर बसवताना वायरमनला किलोअँपिअर जरूर विचारा, पण तार किती लांब जोडतोय हे आधी बघा. जास्तीची तार समोरच कापून घ्या. तो जरा नाराज होईल. प्रीससाहेबही झाले होते.