कालव्याकाठची सायकल

हॉलंडमध्ये लोक एवढी सायकल का वापरतात, असे वर्गात विचारले तर बहुधा एकच उत्तर येते : तो देश सपाट आहे म्हणून. भूगोलाच्या पुस्तकातील चित्रेही तेच सुचवतात. समुद्रसपाटीच्याही खाली असलेली जमीन, कालवे, पवनचक्क्या आणि कालव्याच्या कडेने चाललेला सायकलस्वार. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. सपाटी एवढेच कारण असते, तर बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक हेही आज सायकलींचे गाव असायला हवे होते. तेथेही जमीन बरीचशी सपाट आहे, शेजारून कालवा वाहतो, आणि बारामती सात-आठ किलोमीटरवर आहे. एके काळी नीरेकाठच्या साखरपट्ट्यात रस्तोरस्ती सायकली होत्याही. जमीन तशीच राहिली आणि सायकल मात्र बाजूला पडली. असे का झाले? दोन्हीकडचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून आपण या प्रश्नाचे उत्तर शोधू.

एकाच वर्षाची दोन कामे

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनच्या कोरड्या भागाला कालव्याचे पाणी देण्याच्या कामांना गती आली. नीरा डावा कालवा हे त्यांतलेच एक काम. १८८५ मध्ये हा कालवा वाहू लागला. पुरंदर, बारामती, इंदापूर असा त्याचा मार्ग आहे.

त्याच १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री या गावी जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइसने दोन चाकांची गाडी बनवली होती, पण ती पायाने जमीन ढकलत चालवावी लागे. नंतर आलेल्या सायकलींचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असे, आणि त्यावरून तोंडावर पडण्याची भीती मोठी. स्टार्लीने दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची केली आणि पायडलचा जोर साखळीने मागच्या चाकाला दिला. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला. आजची आपली साधी काळी सायकल तत्त्वतः तीच आहे.

कालवा आणि सायकल यांचा संबंध नुसता वर्षापुरता नाही. कालव्यातील पाणी कोणी ढकलत नाही, ते उताराने वाहते. उतार जास्त झाला तर पाणी काठ खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो. म्हणून मोठ्या कालव्याला किलोमीटरमागे जेमतेम हातभर, अनेकदा त्याहूनही कमी उतार देतात. अभियंते टेकाडांना वळसे घालत ही जवळजवळ समपातळीची रेघ आखत नेतात. तेव्हा कालव्याच्या बाजूने जाणारा रस्ता म्हणजे सायकलला आयती मिळालेली सपाटीच. चढ लागतो तो कालव्याला आडवे जाताना, नदीकडून वर येताना.

हा फरक आकड्यांत पाहता येईल. सायकल आणि स्वार मिळून वजन ८० किलो आणि वेग ताशी १५ किलोमीटर धरू. सपाट रस्त्यावर टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांना तोंड देण्यासाठी सुमारे ५० वॅट शक्ती लागते. निरोगी माणूस एवढी शक्ती तासभर सहज देऊ शकतो. आता रस्त्याला शंभर मीटरमागे फक्त एक मीटर चढ आहे असे समजा. वजन गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले चढण्याचा उभा वेग, असा हिशेब केला तर आणखी सुमारे ३३ वॅट लागतात. डोळ्यांना जाणवणारही नाही असा हा चढ श्रम दीडपटीहून अधिक वाढवतो! कालव्याच्या उताराने पडणारा फरक मात्र एक-दोन वॅटच्या आतबाहेर असतो.

हॉलंडला ही सपाटी निसर्गाने दिली, पण त्यासोबत समुद्रावरचा वाराही दिला. ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला तेवढ्याच वेगाचा वारा समोरून आला, तर हवेचा विरोध चौपट होतो. म्हणजे तेथे टेकड्या नसल्या तरी चढ आहेतच, फक्त ते वाऱ्याचे आहेत. हे ध्यानात घेतले की केवळ भूगोलाने प्रश्न सुटत नाही हे पटते.

साखरेबरोबर आलेली सायकल

कालव्याने ऊस आणला आणि उसाने कारखाने आणले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सहकाराची लाट आली आणि १९५० च्या दशकात माळेगावलाही सहकारी साखर कारखाना स्थापन झाला. साखर कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो. पाळी सुटते ती सकाळी, दुपारी आणि मध्यरात्रीही. एस.टी.चे वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्यावर चालत नाही. म्हणून साखरपट्ट्यात कामगाराची खरी सोबतीण सायकलच ठरली.

याच काळात सायकल आपल्या आवाक्यातही येऊ लागली. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, बीएसए, हर्क्युलस अशी विलायती नावे ऐकू येत. पुढे मद्रासला टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलास (१९५१) आणि लुधियान्याला हीरो (१९५६) असे देशी कारखाने निघाले. मुंबईत हिंद सायकल बनत होती. घड्याळ आणि रेडिओ यांच्याबरोबर सायकल लग्नात जावयाच्या मानपानात जाऊन बसली, यावरून तिची किंमत आणि प्रतिष्ठा दोन्ही कळतात.

त्या काळी सायकल हे मालवाहू वाहनही होते. हँडलला दुधाच्या किटल्या, कॅरिअरवर वाढ्यांचा भारा, पुढच्या दांड्यावर पोर, आणि कधी त्याच कॅरिअरवर पिठाचे दळण. उंची न पुरणारी मुले दांड्याखालून पाय घालून अर्धे पायडल मारत सायकल शिकत. गावोगावी तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. पंक्चर काढणे, चेन बसवणे, छर्रे बदलून ग्रीस भरणे ही कामे करता करता कितीतरी मुलांची यंत्राशी पहिली ओळख झाली.

शहरात सायकलवर कर असे. पुण्यात नगरपालिकेचा, पुढे महापालिकेचा बिल्ला सायकलला लावावा लागे, आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवत. हॉलंडचा इतिहास येथे आपल्या इतिहासाला अगदी भेटतो. तेथेही १९२४ पासून १९४१ पर्यंत सायकलकर होता आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला मिळे. बेकारांना तो फुकट दिला जाई, पण ओळखू यावा म्हणून त्याला भोक पाडलेले असे! सायकल हे तेथेही आपल्यासारखेच, साध्या माणसाचे वाहन होते.

हॉलंडमध्येही सायकल जात होती

आता या इतिहासातील महत्त्वाचा भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडची भरभराट झाली, मोटारी वाढल्या, आणि सायकलींचे प्रमाण झपाट्याने घटू लागले. शहरांतील रस्ते मोटारींसाठी रुंद झाले, चौकांचे वाहनतळ झाले. सायकल हे मागे पडलेल्या काळाचे वाहन आहे, असे नियोजनकारांनाही वाटू लागले होते. देश तेव्हाही तेवढाच सपाट होता, हे लक्षात घ्यावे.

१९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यावरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी अशीच अपघातात दगावली. त्याने वृत्तपत्रात लेख लिहून पालकांना जागे होण्याचे आवाहन केले. त्यातून 'मुलांची हत्या थांबवा' या नावाचीच चळवळ उभी राहिली. आईवडील मुलांसह रस्त्यावर बसले, गल्ल्या अडवून तेथे मुलांना खेळू दिले. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखले, तेव्हा सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. रिकाम्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन उतरले आणि रस्ता असाही असू शकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

मग सरकार हलले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टिलबर्ग आणि हेग येथे सायकलींचे स्वतंत्र मार्ग प्रयोग म्हणून बांधले. त्यातून एक धडा मिळाला : एकच उत्तम मार्ग बांधून भागत नाही, घरापासून शाळेपर्यंत अखंड जाळे लागते. डेल्फ्ट शहराने पुढे तसे जाळे विणले. खोनिंगन शहराने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले आणि मोटारीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाण्यास बंदी केली. सायकल मात्र सरळ जाऊ शके. थोडक्यात, जवळचा रस्ता सायकलला आणि वळसा मोटारीला!

आज त्या देशात माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत, आणि सर्व फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक फेऱ्या सायकलने होतात. अपघाती मृत्यू वर्षाला सातशेच्या आसपास आले आहेत. तरी सारे आलबेल आहे असे नाही. मरणाऱ्यांत सायकलस्वारांचा वाटा मोठा आहे आणि त्यांत वृद्ध अधिक आहेत. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत तेथील मुले वाहतुकीची परीक्षा देतात, आणि ठिकठिकाणी प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवूनही दाखवतात.

आपल्याकडे काय घडले?

आपल्याकडे सायकलला पर्याय आला तो मोटारीच्या रूपाने नव्हे, तर दुचाकीच्या रूपाने, आणि त्यात पुणे परिसराचाच वाटा मोठा. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने 'लूना' आणली. पन्नास सीसीचे इंजिन आणि सोबत पायडल, म्हणजे अर्धी सायकलच. आकुर्डीच्या बजाजची स्कूटर मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. १९८५ मध्ये हीरो होंडाची मोटारसायकल आली. सायकलींचा सर्वांत मोठा कारखाना काढणारे घराणेच आता सायकलची जागा घेणारे वाहन बनवू लागले.

दुचाकी घेणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिने अंतरे कमी केली, दूध वेळेवर पोहोचवले, आजाऱ्याला दवाखान्यात नेले. प्रश्न वेगळा आहे. रस्ते रुंद झाले, वेग वाढला, पण हळू जाणाऱ्यासाठी जागा राखली गेली नाही. साखरपट्ट्यात तर हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रक आणि भरधाव मोटारसायकली एकाच डांबरी पट्टीवर असतात. अंधारात मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली किती घातक असते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. अशा रस्त्यावर दहा वर्षांच्या पोराला सायकलवर कोण पाठवील? हॉलंडमधील पालकांपुढे १९७१ मध्ये हाच प्रश्न होता.

शहरातही वेगळे नाही. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या नव्या सायकलीही रस्त्यावर आल्या. त्या कंपन्या थोड्याच काळात निघून गेल्या. सायकली पुरवल्या, पण अखंड जाळे विणले गेले नाही. टिलबर्गचा धडा तोच होता.

अर्ध्या तासाचे वर्तुळ

याचा सर्वांत मोठा तोटा कोणाला होतो? ज्यांना परवाना मिळत नाही आणि पेट्रोल परवडत नाही त्यांना, म्हणजे शाळकरी मुलांना, आणि त्यांतही मुलींना. येथे थोडी भूमिती उपयोगी पडते. अर्ध्या तासात माणूस चालत अडीच किलोमीटर जातो, सायकलने साडेसात. त्रिज्या तिप्पट झाली की वर्तुळाचे क्षेत्रफळ नऊपट होते. म्हणजे सायकल मिळालेल्या मुलीच्या आवाक्यात नऊपट मुलूख येतो. चालत जाणाऱ्या माळेगावच्या मुलीला बारामतीचे महाविद्यालय या वर्तुळाबाहेर पडते. सायकलने ते साधारण त्याच्या कडेवर येते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. बिहार सरकारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की त्यामुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक होता. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना सायकली दिल्या गेल्या. पण सायकल देणे हे अर्धे काम आहे. ती निर्धास्त चालवता येईल असा रस्ता हे उरलेले अर्धे.

शाळेत काय करता येईल?

या विषयावर वर्गाला खरे काम देता येते. मुलांनी आठवडाभर शाळेच्या फाटकाशी मोजणी करावी : किती जण चालत येतात, किती सायकलने, किती जणांना घरचे दुचाकीवर सोडतात. नकाशावर शाळेभोवती अडीच आणि साडेसात किलोमीटरची वर्तुळे काढून प्रत्येकाचे घर दाखवावे. येण्याच्या वाटेवर कोठे भीती वाटते, त्या जागांवर खूण करावी : वळण, पूल, कारखान्याचा फाटा. कालव्याची वाट समपातळीची असली तरी उघड्या पाण्यालगतची असते, हेही नोंदवावे. आजी-आजोबांना विचारून त्यांच्या काळची सायकल, तिची किंमत आणि तिच्यावरून केलेला सर्वांत लांबचा प्रवास लिहून घ्यावा.

माळेगाव बुद्रुक २०२१ मध्ये नगरपंचायत झाले. गाव शहर होत असते तेव्हाच त्याचे रस्ते आखले जातात, आणि एकदा आखलेले रस्ते पुढच्या दोन-तीन पिढ्यांना बांधून ठेवतात. हॉलंडची सपाटी हजारो वर्षांची आहे, पण तेथील सायकलमार्गांचे आजचे जाळे मुख्यतः गेल्या पन्नास वर्षांत विणलेले आहे. आपल्याकडे सपाटी १८८५ च्या आधीही होती, आजही आहे. मुलांनी केलेला तो नकाशा नगरपंचायतीच्या टेबलावर पोहोचला, तर उरलेल्या कामाची सुरुवात शाळेतूनच झाली असे म्हणता येईल.