विंचवाचा दंश आणि शोधनिबंधाचे मोल

पांढुर्णा आणि सौसर हा संत्र्यांच्या बागांचा, मराठी बोलणारा सीमेवरचा मुलूख. १९५६ पूर्वी त्याची राजधानी नागपूर होती. पुढे ती भोपाळला गेली. आणि २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. तरीही मोठे दुखणे आले की येथील माणूस वाट धरतो ती नागपूरचीच. मात्र रात्री गोठ्यात वा बांधावर विंचू चावला, म्हणजे नागपूरही दूर पडते. त्या घटकेला रोग्याचे प्राण तालुक्याच्या डॉक्टरला काय ठाऊक आहे यावर अवलंबून असतात. हे ज्ञान त्याच्यापर्यंत कसे पोहोचले, त्याची ही कथा.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्ये तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते मूळचे जालन्याकडील देहेड गावच्या गरीब घरातले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि कोवळी मुले डोळ्यांदेखत दगावत. एकनाथांच्या भारुडातला विंचू रूपकातला; हा मात्र खराखुरा काळ होता. मोठ्या ग्रंथांत या दंशावर उपयोगी पडेल असे फारसे काही नव्हते. तेव्हा बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची टिपणे ठेवण्यास आरंभ केला.

त्या टिपणांतून एक क्रम उलगडला. आधी उलटी, दरदरून घाम, लाळ आणि थंड पडलेले हातपाय; मग चढलेला रक्तदाब; आणि शेवटी थकलेले हृदय व फुप्फुसांत साचलेले पाणी. धोक्याची ही पूर्वचिन्हे सांगणारा त्यांचा निबंध १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. १८२३ पासून चालत आलेल्या त्या पत्रात कोकणातल्या खेड्यातील निरीक्षणांना स्थान मिळाले.

निदान झाले, पण उपाय कोणता? विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्ये एकाएकी उसळतात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तेव्हा त्या सैल करणारे, रक्तदाबाच्या रोग्यांना दिले जाणारे प्राझोसिन हे औषध येथे का चालू नये? १९८६ मध्ये डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ‘लॅन्सेट’मध्येच त्याचा अनुभव मांडला. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांपैकी तीसएक दगावत. ते प्रमाण या उपचाराने एकाच्या आसपास उतरले. हे औषध साध्या गोळीच्या रूपात मिळत होते, हा केवढा दिलासा!

शास्त्रीय लेखनाचे वजन मोजण्याची एक रीत आहे. १९६४ मध्ये युजीन गारफील्ड यांनी फिलाडेल्फियाहून संदर्भांची सूची काढली, तेव्हापासून कोणाचा निबंध किती जणांनी आधारास घेतला याची मोजदाद होऊ लागली. तो उपयोगी हिशेब आहे; परंतु त्यात एक उणीव राहते. ज्या रोगावर श्रीमंत देशांत हजारो संशोधक काम करतात, त्या रोगावरील निबंधाला हजारो संदर्भ मिळतात. विंचू चावतो तो अनवाणी मजुराला. त्याच्यावर लिहिणारे थोडे, म्हणून संदर्भ देणारेही थोडे. असे असूनही पुढे या दंशावर लिहिणाऱ्याला महाडच्या या निबंधांना टाळून जाता आले नाही.

खऱ्या संशोधकाची कसोटी याहूनही कठीण असते. पुढे प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा बावस्कर दांपत्याने आपलाच उपाय तपासणीस लावला. सत्तर रोग्यांचे दोन सारखे गट केले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी नुसत्या प्राझोसिनने पस्तिसांत आठ, तर प्रतिविषाची जोड दिल्यावर पस्तिसांत बत्तीस! स्वतःच्या कीर्तीला मुरड घालणारा हा निष्कर्ष त्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निःसंकोच छापला. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

सौसरच्या बागेतील मजुराला ‘लॅन्सेट’ हे नाव ऐकून ठाऊक नसेल. परंतु दंश झालेल्या त्याच्या लेकराला घाम सुटलेला पाहून डॉक्टर वेळीच सावध झाला, तर तो निबंध तेथे वाचला गेला असे समजावे. त्या संदर्भाची नोंद कोणत्याच सूचीत होत नाही. ती त्या घरातल्या जिवंत लेकराच्या रूपाने राहते.